ताळा पाहणारे यंत्र आणि जॉन फॉन नॉयमन

संगणकाचे बटण दाबल्यापासून पडद्यावर काही उमटेपर्यंतचे क्षण आपण कंटाळत काढतो. यंत्र मात्र त्या वेळी रिकामे बसलेले नसते. ते आपल्या एकेका अवयवाची हजेरी घेत असते. आयबीएम कंपनीने ऑगस्ट १९८१ मध्ये आपला छोटा वैयक्तिक संगणक बाजारात आणला. त्यात ही हजेरी सुरळीत पार पडली की एकच आखूड ‘पीं’ ऐकू येई आणि मगच यंत्र कामाला लागे. काही बिघडलेले असेल तर पडद्यावर आकडा उमटे. २०१ म्हणजे स्मृतीत दोष, ३०१ म्हणजे कळफलकात, ६०१ म्हणजे चकतीच्या यंत्रणेत.

यंत्राने आपला बिघाड आपणच ओळखावा, तो कोठे आहे हे बाहेरून दिसेल अशी खूण करावी आणि थांबावे, ही अपेक्षा त्याच्या छत्तीस वर्षे आधी एका टिपणात स्वच्छ लिहिलेली होती. ज्या यंत्राबद्दल ते टिपण होते ते यंत्र तेव्हा अस्तित्वातही नव्हते. लिहिणारा होता जॉन फॉन नॉयमन. विसाव्या शतकातील थोर गणितज्ञांत त्याची गणना होते. अणुबाँब, क्रीडा-सिद्धांत, पुंजयामिकी अशा अनेक प्रकरणांत त्याचे नाव येते. प्रस्तुत लेखात मात्र त्याच्या आयुष्यातला एकच धागा धरायचा आहे : चुकणाऱ्या भागांचे यंत्र बनवायचे आणि तरी त्याच्यावर विसंबायचे, ते कसे?

त्याचा जन्म २८ डिसेंबर १९०३ रोजी हंगेरीतील बुडापेस्ट शहरी एका सधन ज्यू कुटुंबात झाला. घरातले नाव यानोश. वडील मिक्सा बँकेच्या व्यवसायात होते. १९१३ मध्ये त्यांना सरदारकीचा किताब मिळाला आणि नावात पुढे ‘फॉन’ आले. मुलाची स्मरणशक्ती लहानपणापासून विलक्षण होती. सहा वर्षांचा असताना तो आठ-आठ आकडी संख्यांचे भागाकार मनातल्या मनात करी, असे सांगतात. अशा आख्यायिकांतले थोडे पाणी काढून टाकले, तरी शिल्लक राहते ते पुष्कळच आहे. शाळेत त्याच्यापेक्षा एक वर्ष पुढे युजीन विग्नर होता. हा विग्नर पुढे नोबेल पारितोषिकाचा मानकरी झाला, पण नॉयमनच्या बुद्धीपुढे त्याला आपली बुद्धी नेहमी थिटी वाटे.

मुलाला गणित हवे होते, वडिलांना मुलाच्या हाती पोटापाण्याची विद्या हवी होती. हा तंटा आपल्याकडल्या घरांनाही नवा नाही. तडजोड अशी निघाली की मुलाने झुरिकला रासायनिक अभियांत्रिकीची पदविका घ्यायची आणि बुडापेस्ट विद्यापीठात गणितासाठी नाव घालायचे. बुडापेस्टला तो बहुधा परीक्षेपुरताच उगवे. आपल्या उपस्थितीच्या नियमांत हे बसले नसते. १९२६ मध्ये त्याने झुरिकची पदविका आणि बुडापेस्टची डॉक्टरेट दोन्ही मिळवल्या. पुढे बर्लिनला अध्यापन, १९३० पासून अमेरिकेत प्रिन्स्टन, १९३३ मध्ये तेथील प्रगत अध्ययन संस्थेत आइन्स्टाइनच्या बरोबरीने नेमणूक आणि १९३७ मध्ये अमेरिकेचे नागरिकत्व, हा प्रवास भराभर झाला. पहिली पत्नी मारिएत हिच्यापासून १९३५ मध्ये त्याला मारिना नावाची मुलगी झाली. तो विवाह मोडला आणि १९३८ मध्ये त्याने क्लारा दान हिच्याशी लग्न केले. क्लारा ही पुढे संगणकासाठी आज्ञावली लिहिणाऱ्या अगदी पहिल्या व्यक्तींपैकी एक ठरली. नॉयमनला मेजवान्या आणि गोंगाट प्रिय. तो मोटार मात्र भयंकर हाकी.

महायुद्धात तो लॉस अलामॉसच्या अणुबाँब प्रकल्पात ओढला गेला. प्लुटोनियमचा गोळा चहूंकडून एकदम दाबण्यासाठी स्फोटकांची रचना कशी असावी, हे गणित अवघड होते. तशी समीकरणे हाताने सुटत नाहीत, आकडे घालून पायरी पायरीने पुढे जावे लागते, आणि पायऱ्या लाखो. मेजावरच्या यंत्रांवर माणसे बसवून हे काम रेटणे चालू होते. अशातच १९४४ च्या उन्हाळ्यात ॲबर्डीनच्या रेल्वे फलाटावर हर्मन गोल्डस्टाइन हा तरुण लष्करी अधिकारी त्याला भेटला. फिलाडेल्फियात सेकंदाला तीनशेच्या वर गुणाकार करणारे विद्युत्-यंत्र तयार होत आहे, असे गोल्डस्टाइन सहज बोलून गेला, आणि गप्पांची एकदम तोंडी परीक्षा झाली.

ते यंत्र म्हणजे एनिॲक. त्यात १७,४६८ निर्वात-नलिका होत्या. म्हणजे जुन्या रेडिओत लाल प्रकाश देणारे व्हॉल्व्ह असत, तसलेच. रेडिओत पाच-सहा असत, त्यांतला एक गेला की दुकान गाठावे लागे. आता हिशेब करा. एक नलिका सरासरी २०,००० तास टिकते असे धरले, तर साडेसतरा हजार नलिकांच्या यंत्रात दर तासा-सव्वा तासाला एक तरी जाणारच. आणि एक जरी गेली तरी उत्तर चुकते. ते चुकले आहे हे कोणाला कळतही नाही, कारण चुकीचे उत्तरही बरोबर उत्तराइतक्याच दिमाखात छापून येते! प्रेस्पर एकर्ट या कल्पक अभियंत्याने नलिका त्यांच्या क्षमतेच्या पुष्कळ खाली चालवून त्यांचे आयुष्य वाढवले. त्याच्या माणसांना आणखी एक गोष्ट आढळली. नलिका काम करताना फारशा जात नाहीत, जातात त्या यंत्र चालू करताना तापते वेळी किंवा बंद केल्यावर निवते वेळी. म्हणून यंत्र शक्यतो बंदच करायचे नाही असे ठरले. ज्याचे उत्तर आधीच ठाऊक आहे असे उदाहरण मधूनमधून यंत्राला घालून पाहायचे, हीही रीत पडली. उत्तर जुळले तर यंत्र ठीक; नाही जुळले तर मधले सारे काम संशयित.

एनिॲकनंतरच्या यंत्राची, एडव्हॅकची, आखणी सुरू झाली तेव्हा नॉयमन त्या चर्चांना बसू लागला. जून १९४५ मध्ये त्याचे १०१ पानांचे टिपण निघाले. आज्ञा आणि आकडे एकाच स्मृतीत ठेवायचे, ही ज्याच्या नावाने ओळखली जाणारी संगणकाची रचना, ती या टिपणातून जगभर गेली. गोल्डस्टाइनने त्याच्यावर एकट्या नॉयमनचे नाव घातले, आणि ज्या एकर्ट व मॉकली यांच्या डोक्यातून यातले पुष्कळसे आले होते ते दोघे जन्माचे दुखावले. नॉयमनने हा अन्याय दूर करण्याची फारशी तोशीस घेतली नाही, हे त्याच्या चाहत्यांनीही मान्य करावे.

टिपणाच्या अगदी आरंभी एक छोटा परिच्छेद आहे, त्याकडे सहसा कोणी पाहत नाही. कोणत्याही उपकरणात बिघाडाची शक्यता शून्य नसते, आणि यंत्र गुंतागुंतीचे व काम लांबलचक असेल तर ती नगण्य मानता येत नाही, असे नॉयमन तेथे म्हणतो. एका चुकीने सगळे उत्तर वाया जाऊ शकते. दोष शोधणे हे सामान्यतः शहाण्या माणसाचे काम. परंतु नेहमी होणारे बिघाड यंत्रानेच ओळखावेत, ते कोठे आहेत हे बाहेर दाखवावे व थांबावे. क्वचित दुरुस्तही करून पुढे जावे. रचना सांगण्याच्या आधी तिच्या बिघडण्याची तजवीज!

१९८१ च्या त्या छोट्या यंत्राने ही अपेक्षा कशी पाळली, हे पाहण्याजोगे आहे. वीज येताच प्रक्रियक एका ठरलेल्या पत्त्यावरून, कायम स्मृतीत म्हणजे रॉममध्ये कोरलेल्या आज्ञा वाचू लागतो. पहिली परीक्षा तो स्वतःचीच घेतो. आपल्या खुणांचे काही बिट मुद्दाम चढवतो, तसे दिसतात का पाहतो; उतरवतो, पुन्हा पाहतो. मग रॉमचा ताळा. तिच्यातल्या सर्व बाइटांची बेरीज हातचे सोडून शून्य यावी, अशी ती आधीच भरून ठेवलेली असते. आपल्या पेढीवरचा मुनीम रोजमेळ जुळतो का पाहतो, तेच हे. नंतर वेळ मोजणारा भाग, नंतर स्मृतीचा पहिला तुकडा, मग पडदा, उरलेली स्मृती, कळफलक, चकती. स्मृतीच्या दर घरात एक आणि शून्य यांचे ठरावीक नमुने लिहायचे, वाचायचे, मग उलटे नमुने लिहून वाचायचे. म्हणजे एकावरच किंवा शून्यावरच अडून बसलेला बिट सापडतो. कळफलकाची एखादी कळ अडकली असेल तर ३०१ च्या आधी त्या कळीचाच क्रमांक दिसे. शिवाय प्रत्येक आठ बिटांच्या मागे एक नववा बिट राखणदार म्हणून असे. नऊ बिटांतील ‘एक’ची संख्या विषम राहील असा तो भरायचा. पुढे कधी ती सम निघाली की यंत्र पडद्यावर तक्रार लिहून जागच्या जागी थांबे.

या साऱ्या क्रमात जास्तीत जास्त विश्वासाचे असते ते सर्वांत आधी तपासले जाते, कारण पुढच्या तपासण्या त्याच्याच हातून व्हायच्या असतात. आणि पहिल्याच परीक्षेत प्रक्रियक नापास झाला तर? तर यंत्र तिथेच गप्प उभे राहते. आकडा नाही, ‘पीं’ नाही, काही नाही. तक्रार सांगणाराच आजारी असतो.

नॉयमनचे मन याच ठिकाणी घोटाळत राहिले. सप्टेंबर १९४८ मध्ये कॅलिफोर्नियातील पॅसाडेना येथे मेंदूच्या अभ्यासकांचे एक संमेलन भरले होते, तेथे त्याने यंत्र आणि सजीव यांची तुलना मांडली. यंत्रात आपण दोष जितका ठळक होईल तितका करतो. एक भाग बिघडला की सारे थांबवतो. का? कारण आपली दोष शोधण्याची पद्धत एका वेळी एकच भाग बिघडला आहे या गृहीतावर उभी आहे. पहिला दोष सापडण्याआधी दुसरा झाला तर आपली मती गुंग होते. त्या नवव्या बिटाचेच पाहा ना : एक बिट उलटला तर पकडतो, दोन एकदम उलटले तर ‘एक’ची संख्या पुन्हा विषम, आणि राखणदार स्वस्थ. शरीराची रीत अगदी निराळी आहे. बोट कापले म्हणून माणूस जागीच उभा राहत नाही. शरीर दोषाला शक्य तितका झाकते, त्याला वळसा घालून काम चालू ठेवते, आणि सावकाश बरे होते. ही भीतीविना जगण्याची रचना आपल्याला यंत्रात का आणता येत नाही, असा त्याचा प्रश्न होता.

याच सुमारास बेल प्रयोगशाळेत रिचर्ड हॅमिंगलाही तसाच काहीसा त्रास होत होता. शनिवार-रविवारी लावून ठेवलेले त्याचे काम यंत्र चूक ओळखून टाकून देई. चूक ओळखता येते, तर ती नेमकी कोठे आहे हेही यंत्राला का कळू नये, या वैतागातून त्याने १९५० मध्ये चूक दुरुस्त करणारे संकेत प्रसिद्ध केले. साठवलेल्या आकड्यांपुरता प्रश्न त्याने सोडवला. नॉयमनचा प्रश्न अधिक खोल होता : आकडेमोड करणारे भागच चुकत असतील तर?

मधल्या काळात प्रिन्स्टनच्या संस्थेत त्याचे स्वतःचे यंत्र उभे राहत होते. तत्त्वचिंतकांच्या त्या शांत आवारात तारा आणि झाळकाम पाहून काही प्राध्यापकांनी नाके मुरडली. मुख्य अभियंता ज्यूलियन बिगेलो. स्मृती म्हणजे चाळीस कॅथोड-किरण नलिका, प्रत्येकीच्या पडद्यावर विद्युत्-भाराचे १,०२४ ठिपके. हे ठिपके क्षणात विझत, म्हणून सतत नव्याने गिरवावे लागत, आणि शेजारचा ठिपका फार वेळा वाचला तरी बिघडत. १९५१ च्या उन्हाळ्यात या यंत्राने जवळजवळ साठ दिवस, रात्रंदिवस, एकच मोठे गणित केले. ते हायड्रोजन बाँबचे होते. हवामानाचे अंदाज, ताऱ्यांची घडण असली सुंदर गणितेही त्यावर झाली. पण यंत्र भरवशाचे हवे ही निकड पहिल्याने लागली ती बाँबसाठी, आणि नॉयमनला त्यात काही खटकले नाही. रशियाविरुद्ध आधीच युद्ध पुकारावे अशा मतापर्यंत तो गेला होता. बुद्धी आणि विवेक एकाच मापाने वाटलेले नसतात, एवढेच म्हणता येईल.

यंत्राचे रीतसर उद्‌घाटन जून १९५२ मध्ये झाले. त्याचे आराखडे संस्थेने खुले ठेवले होते. त्यामुळे अमेरिकेत, युरोपात, इस्रायलमध्ये त्याची भावंडे जन्मली. १९६० मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सुरू झालेला टिफ्रॅक हा संगणकही याच कुळातला.

जानेवारी १९५२ मध्ये नॉयमनने पॅसाडेनाच्या तंत्रविज्ञान संस्थेत काही व्याख्याने दिली. त्यांचा विषय बेभरवशाच्या अवयवांतून भरवशाची रचना कशी घडवावी, हाच. सोपी कल्पना अशी. एकच काम तीन यंत्रांना द्यायचे आणि दोघांचे जुळेल ते खरे मानायचे. प्रत्येक यंत्र शंभरांत एकदा चुकत असेल, तर तिघांपैकी निदान दोघे एकाच वेळी चुकण्याची शक्यता दहा हजारांत सुमारे तीन एवढीच उरते. विद्यार्थ्यांनी हा हिशेब स्वतः करून पाहावा. सॅटर्न-५ या चंद्रावर माणसे नेणाऱ्या अग्निबाणाच्या संगणकात हीच तीन प्रतींची पद्धत वापरली होती.

पण पंच कोण? तिघांची मते मोजणारा जो भाग, तोही अखेर एक भागच आहे. तोही शंभरांत एकदा चुकणार असेल, तर तिघांचे शहाणपण त्याच्या हातून वाहून जाते. कुंपणच शेत खाऊ लागले तर त्याला दुसरे कुंपण घालायचे, मग त्याला तिसरे? नॉयमनने यातून काढलेली वाट त्याच्या प्रतिभेला साजेशी आहे. त्याने पंचच काढून टाकला. एका तारेऐवजी तारांची मोठी जुडी न्यायची. जुडीतल्या बहुसंख्य तारा जे सांगतात तो निरोप. थोड्या चुकल्या तर बिघडत नाही. प्रत्येक पायरीनंतर जुडीतल्या तारा सरमिसळ करून त्यांची पुन्हा आपापसांत मते घ्यायची, म्हणजे साठत चाललेल्या चुका मागे हटतात. अंतिम निर्णय कोणा एका भागाकडे कधीच जात नाही. एकेका भागाची चूक ठरावीक मर्यादेच्या खाली असेल, तर अशी रचना हवी तितकी भरवशाची करता येते, हे त्याने सिद्ध केले. किंमत मात्र जबर होती, कारण एकाच्या जागी हजारो भाग लागत. त्या काळच्या नलिकांच्या जगात हे परवडणारे नव्हते. मेंदूत मात्र असेच काही घडत असावे, असा त्याचा कयास होता. १९५६ मध्ये ही व्याख्याने छापली गेली. तोपर्यंत तो स्वतः चाकाच्या खुर्चीत होता.

मार्च १९५५ मध्ये तो अमेरिकेच्या अणुऊर्जा आयोगाचा सदस्य झाला होता. त्याच उन्हाळ्यात खांद्याचे दुखणे निघाले, तपासात हाडांत पसरलेला कर्करोग आढळला. वर्षअखेर तो कण्यापर्यंत पोचला. येल विद्यापीठाने त्याला १९५६ च्या वसंतात संगणक आणि मेंदू या विषयावर व्याख्यानमालेसाठी बोलावले होते. उभे राहणे अशक्य झाल्यावर निदान लिहून तरी पाठवू, म्हणून तो लिहीत राहिला. एप्रिलमध्ये त्याला वॉशिंग्टनच्या वॉल्टर रीड लष्करी रुग्णालयात हलवले, तेव्हा ते कागदही बरोबर गेले. लष्करी गुपिते डोक्यात असलेला माणूस वेदनेच्या भरात काही बोलून जाईल, म्हणून भोवती विश्वासातली लष्करी माणसे ठेवलेली होती. जन्मभर धर्माकडे फारसे न पाहिलेल्या त्याने कॅथलिक धर्मगुरूंना बोलावून घेतले. मृत्यूची त्याला फार भीती वाटत होती, असे जवळची माणसे सांगतात.

त्याहूनही मोठी भीती होती ती बुद्धी जाण्याची. भाऊ उशाशी बसून गटेचे ‘फाउस्ट’ मूळ जर्मनमधून वाचून दाखवी, आणि पान उलटायच्या आत नॉयमन पुढच्या ओळी पाठ म्हणत असे. पुढे हळूहळू तेही सरले. शेवटच्या दिवसांत मुलगी मारिना भेटायला आली असता त्याने तिला आपली परीक्षा घ्यायला सांगितले : सोप्या बेरजा घाल, सात आणि चार, अशा. आठ आकडी भागाकार मनात करणारा हा माणूस आपला ताळा पाहत होता. मारिनाने काही मिनिटे आकडे सांगितले. मग तिला ते सोसवेना, आणि ती खोलीबाहेर गेली.

८ फेब्रुवारी १९५७ रोजी, त्रेपन्नाव्या वर्षी, नॉयमन वारला. प्रिन्स्टनला त्याचे दफन झाले. येलची व्याख्याने कधीच दिली गेली नाहीत. अपुरे हस्तलिखित क्लाराच्या प्रस्तावनेसह १९५८ मध्ये छोट्या पुस्तकाच्या रूपाने निघाले. पूर्वार्ध यंत्राचा, उत्तरार्ध मेंदूचा. मेंदूची आकडेमोड यंत्राइतकी सूक्ष्म नसूनही इतकी भरवशाची कशी, या चर्चेत ते संपते. त्याच वर्षीच्या जुलैमध्ये प्रिन्स्टनचे यंत्र कायमचे बंद करण्यात आले आणि पुढे ते स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहात गेले.